दामूनानांचं बेट

दामूनाना वर्षातून एकदाच कोट घालत, आणि तो घालून थेट छातीभर पाण्यात शिरत. पूर ओसरून तापीच्या मधलं वाळूचं बेट उघडं पडलं, की त्याच दिवशी.

"नाना, कोट भिजतोय!" आम्ही काठावरून ओरडायचो.

"भिजू दे! पहिली भेट शे!"

स्वातंत्र्य नवंनवं होतं तेव्हा मी चोपड्याजवळच्या या गावात मास्तर म्हणून आलो. आठवड्याच्या आत नानांनी मलाही बेट दाखवायला नेलं. "आज्याच्या वेळी इथं बाभळी होत्या, मास्तर. मग पुरानं दोन तुकडे केले. पुढे जत्रेला इथं पाळणे लागायचे. आता फक्त टरबुजं आणि बगळे. पण बघा, बठ्ठं नवं शे, सगळंच!" हे ते दरवर्षी म्हणत, कारण दरवर्षी बेट थोडं सरकलेलं असे.

एकदा तलाठी विचारायला आला, बेट या काठाचं की त्या? नाना म्हणाले, "भाऊ, त्याचंच अजून ठरत नाही, तुम्ही कशाला घाई करता?"

मग एका पावसाळ्यात तापी अशी चढली, की पाणी उतरलं तरी बेट वर आलं नाही. नाना रोज सकाळी काठावर येत, उभे राहत, घरी जात.

हिवाळ्यात मीच नाव ठरवली. "चला नाना, मधे जाऊन बघू."

मधोमध पोचल्यावर ते नावाड्याला म्हणाले, "थांब रे." पाणी हिरवं, संथ होतं. उन्हात सगळं झोपेत असल्यासारखं.

"आठे आमनी झोपडी व्हती," नाना म्हणाले. "लग्न झालं त्या हिवाळ्यात आम्ही दोघं इथं टरबुजं राखत होतो. जाणाऱ्या प्रत्येक नावेला ती हाक मारायची. जेवल्याशिवाय सोडायची नाही कुणाला."

पुढल्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणातच गेली, आणि बाळही. इतक्या वर्षांत नानांच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी ते घेतलं नाहीच.

त्यांनी फडकं सोडलं. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. नावाड्याला आणि मला वाढत म्हणाले, "जेवा. पाव्हना शेतस तुम्ही."

नाव हळूहळू वाहत होती. आम्ही जेवत होतो, आणि नाना आमच्या हाताकडे बघत, आणखी एक भाकरी पुढे करत विचारत होते, "आखो लेतस का?"