आकारामांनी तपासलेली वही

आकाराम पाटलांच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचा होता. हे ते स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगत. गावच्या दूध संस्थेत वीस वर्षं त्यांनी फॅट तपासली होती. दुधात तांब्याभर पाणी घालून येणाऱ्याला किटलीसकट घरी धाडलं होतं. तेव्हा लेक वर्षाराणी अकरावी सायन्सला गेली, इंजिनियर व्हायचं म्हणून तिनं गणित घेतलं, तर शिकवणी लावायचा प्रश्नच नव्हता. वही ते स्वतः तपासणार होते!

स्वतः ते दहावीला गणितात तिसऱ्या खेपेला सुटले होते. पण तपासायला गणित कुठं यावं लागतं? पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात तांबडा पेन. जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर फुली.

त्रिकोणमिती सुरू झाली आणि फुल्यांचं पीक आलं. वीस गणितांत चौदा फुल्या! पुस्तकात वर वर्गमूळ दोन आणि खाली दोन, तर लेकीच्या वहीत वर एक आणि खाली मूळ दोन. आकारामांचं टाळकं सरकलं.

"आबा, दोन्ही एकच हाय," वर्षाराणी म्हणाली.

संस्थेच्या खिडकीवर हे त्यांनी हजार वेळा ऐकलं होतं. पाणी घालणारा प्रत्येक जण म्हणे, कालच्यागतच दूध हाय की. त्यांनी वही भिंतीवर आपटली. बायको तानाबाई लेकीची बाजू घ्यायला उठली, तर तिचाही उद्धार झाला. पोरगी चुकली याचा एवढा राग नव्हता. चुकून वर तोंड करते, याचा होता. दुसऱ्या दिवशी विषय बदलायची शेवटची तारीख होती. गणित बंद, त्या जागी भूगोल, असा निकाल लागला. गणित गेलं की इंजिनियरिंग गेलं, हे माहीत असून लागला. वर्षाराणी रडली नाही, संतापली. ती रात्री जेवली नाही आणि सकाळी कोल्हापूरच्या एसटीत बापाकडे पाठ करून बसली.

कॉलेजात आकाराम आधी ऑफिसात गेले. सयाजी नावाच्या क्लार्कनं अर्ज घेतला आणि शिक्का मारला. मग आकाराम गणिताच्या धम्मपाल सरांना फैलावर घ्यायला निघाले. त्यांनी वही सरांपुढं टाकली. सरांनी ती चाळली.

"हिची वीसच्या वीस बरोबर हायत. फुल्या कुणी मारल्या?"

"मी. एका दुधाला दोन फॅट लागत्यात व्हय सर?"

आता सरही तापले. "अर्धा लिटर म्हणा, न्हायतर पाचशे मिली म्हणा. दूध बदलतंय काय? पुस्तकवाल्यानं खालचं मूळ काढून टाकलंय, हिनं ठेवलंय, एवढंच." त्यांनी कॅल्क्युलेटर पुढं सरकवला. दोन्ही उत्तरं शून्य पूर्णांक सात शून्य सात निघाली. आकारामांनी परत दाबून पाहिलं, मग कॅल्क्युलेटर उलटा करून पाहिला.

तिथून ते ऑफिसात पळाले. सयाजी म्हणाला, शिक्का बसलेला अर्ज परत मिळत नाही. शब्दानं शब्द वाढला, आवाज पार गेटपर्यंत गेला. शेवटी सयाजीनं वाट सांगितली: नवा अर्ज, लेखी कारण, पालकाची सही. आकारामांना सयाजीला अजून दोन शब्द सुनवायचे होते, म्हणून त्यांनी लेकीला लिहायला बसवलं.

तिनं लिहिलं, 'पालकास गणित येत नसल्याने कालचे उत्तर चूक समजून आधीचा अर्ज दिला.'

मागं रांग होती आणि रांगेतले वाकून वाचत होते. आकाराम लेकीच्या कानाशी गेले. "जरा दुसरं कायतरी लिही की."

वर्षाराणीनं टोपण लावून पेन दप्तरात टाकला. "कसंबी लिवलं तरी उत्तर एकच येतंय, आबा."

आकारामांनी खिसा चाचपला. खिशात तांबडाच पेन होता. त्यांनी त्यानंच सही केली.