वारलूभाऊंची चाळणी

लग्नाच्या पंगतीत वारलूभाऊ भाताचा पहिला घास तोंडात घालत नाहीत, तळहातावर पसरतात. उलटसुलट बघतात आणि वाढप्याला ऐकू जाईल असं म्हणतात, "कणी जास्त आहे."

मूल गावच्या राइस मिलमध्ये चाळणीवर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पण चाळणी सोबत घरी आली. चहा दोनदा गाळणार. पुढाऱ्याचं भाषण संपलं की एकच शेरा, "माल पुरा नाई." आमच्या गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट मी. मला ते नावाने नाही, 'बीएस्सी' अशी हाक मारतात. ती ऐकताना पुढे 'माल पुरा नाई' येतं की काय, अशी मला धास्ती असते.

त्यांच्या किडनीत बोराएवढा खडा निघाला. नागपूरला तो मशीनच्या धक्क्यांनी, कुठेही न कापता फोडला. डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्या, लघवी गाळा, पडेल ती कणी जपून ठेवा." असा रोगी त्यांना पुन्हा मिळायचा नाही. भाऊंनी धोतराचं फडकं दुहेरी करून गाळणी केली. कणी वाळवून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि भेटायला येणाऱ्यांना दाखवली. येणाऱ्यांच्या हातात तेव्हा चहाचा कप असायचा.

तिसऱ्या दिवशी कणी पडायची थांबली. दुखणंही थांबलं. त्यांच्या बायकोने, अनसाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. मी दवाखान्याचा कागद वाचून जाहीर केलं, "झालं, भाऊ. साफ."

ते बाटली उजेडात धरून बसले. "बोराएवढ्या खड्याची एवढीशी कणी? माल पुरा नाई, बीएस्सी."

"पण दुखत तर नाही ना?"

"वरून धान पडून राह्यला अन् खाली पोत्यात काहीच नाई, त मिल बरी झाली म्हनशीन काय तू? पाइप चोक आहे."

सकाळच्या एसटीने पुन्हा नागपूर. फोटोत दिसलं, मूत्रनळीत कणी रांगेने अडकलेली, सर्वांत पुढे एक जाड दाणा, वर किडनी फुगलेली. "दुखत नाही म्हणून घरी बसले असते, तर ही किडनी गेली असती," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, असं मला वाटलं. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालून त्यांनी पुढचा दाणा फोडला, मागची कणी काढली आणि वाट उघडी राहावी म्हणून आत मऊ नळी ठेवली.

काढलेली कणी त्यांनी भाऊंना दिली. भाऊंनी ती जुन्या बाटलीशेजारी धरली, बराच वेळ बघितली. "आता माल पुरा आहे."

मी खाली जाऊन दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. वर आलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू आज घरी जाय. इथी भाचा आहे माझा. डब्यातले तांदूळ निवडून ठेव, मी रोज ठेवतो तसे, अनसाच्या आधी."

अनसाबाईंना दोन वर्षांपासून धड दिसत नाही, हे गल्लीला माहीत होतं. तरी रोज दुपारी त्या ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडतात, हेही सगळे बघत होते.

"अन् तीन-चार मोठे खडे राहू दे त्यात," भाऊ हळूच म्हणाले. "तिच्या बोटाले लागले पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर जाऊन बसलो. अनसाबाईंची बोटं सुपात फिरली, थांबली. त्यांनी एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"पाह्य, एवढा मोठा. जिंदगी मिलमधी गेली बुढ्याची, पन तांदूळ आनताना दिसला नाई त्याले. मी नसती त काय खाल्लं असतं त्यानं?"