पटले सर भाजी चाखतात

आमचे शेजारी पटले सर भाजी खाण्याआधी तिला बोट लावून बघतात. डोळे मिटून, रस्सा अंगठ्याशी चोळत. आमच्या छोट्याशा गोरेगावात पंगत कुठेही असो, आचारी त्यांना पाहिलं की पातेल्यावर झाकण ठेवतो.

हटकलं की संपलंच! जन्मभर इंग्रजी शिकवलेली, शब्दाची कुंडली मांडल्याशिवाय घास उतरत नाही. "टेस्ट म्हणजे मुळात हात लावून पाहणं, चाचपणं. जीभ मागून आली बाप्पा! तुमची माय शीत दाबून भात पाहते, ते काय करते मंग?"

आमच्या मुलीला, शारदाला पाहायला तिरोड्याचे पाहुणे आले, नेमका त्याच दिवशी बायकोचा उपास. उपासाच्या तोंडाने भाजी चाखणार कशी? तिने वाटी सरांपुढे धरली. सरांनी बोट बुडवलं, चोळलं, चाटलं. "फर्स्ट क्लास!"

पाहुणे जेवायला बसले. मुलाचे वडील पहिला घास घेऊन गटागटा पाणी प्यायले. मुलाच्या आईचा हात ताटावरच थांबला. मी भाजी तोंडात घातली, तर नुसतं मीठ! मायलेकी दोघींनीही टाकलं होतं. दाराआड शारदा रडकुंडीला आलेली. आणि सर? तीच भाजी भुरकत पाहुण्यांना टेस्टची कुळकथा सांगत होते.

माझं डोकं फिरलं. हात धुवायच्या निमित्ताने त्यांना मागच्या अंगणात नेलं.

"सर, जीभ मेली काय तुमची?"

"मेली गा," सर हळूच म्हणाले. "मागं मोठा ताप आला, त्यात चव गेली, ते वापस आलीच नाही. घरी मी एकटा. खारट झालं तरी सांगणारं कोण हाय?"

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं, तर वहिनीनं मले चाखाले बोलावलं असतं काय?" मग घाबरून म्हणाले, "पोरीचं बिघडलं काय गा?"

आत आलो तर शारदाच पाहुण्यांना सांगत होती, "मीठ दोनदा पडलं जी, दही घ्या." मुलाची आई हसली आणि तिने दह्यासाठी वाटी पुढे केली.

बायकोला मी सगळं सांगितलं. तिरोड्याहून होकार आला, त्या दिवशी तिचा उपास नव्हता. तिने स्वतः भाजी चाखली, मीठ बरोबर असल्याची खात्री केली आणि मग कुंपणाशी जाऊन हाक मारली,

"सर, भाजी पाहाले या न जरा!"