मेहुण्याच्या स्वयंपाकघरातली चांदी

“माझ्या मुशीतून खोटा मणी कधी निघाला नाही, आणि निघणारही नाही!”

दाजी हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलत. दूधवाल्याला बोलत, पोस्टमनला बोलत, ऐकायला कोणीच नसलं तर अंगणातल्या नळाला बोलत. त्यांनी उभी हयात सोन्याचांदीचा दगड वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीपुढे काढली होती. खाणीतून दगड आला की दाजी त्यातला मूठभर कुटायचे, मातीच्या मुशीत वितळवायचे आणि शेवटी उरलेल्या मण्यावरून त्यात सोनं किती, चांदी किती ते सांगायचे. दाजी ‘आहे’ म्हणाले की डोंगर फुटायचा. दाजी ‘नाही’ म्हणाले की मोठमोठे साहेब गुपचूप टोपी घालून घरी जायचे.

मग दाजी निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणायचं आपलं, बसतात कुठले! सकाळी साऱ्या बिजागऱ्यांना तेल पाजायचे, दुपारी तेच तेल फडक्यानं पुसायचे. गॅसपुढे उभे राहून “आच कमी पडतेय” म्हणायचे. बायको वैतागून म्हणायची, “अहो, टेका की कुठेतरी! तुमच्या मागे मान फिरवून मला घेरी यायला लागली!”

पण हातांना आगीची सवय. ते गप्प कसे बसणार? शेवटी दाजींनी परसात एक जुनं पिंप उभं केलं, आतून मातीनं लिंपलं, खाली कोळसा भरला आणि आपल्या फाटक्या रेनकोटचा भाता शिवला. तो भाता दाबला की दम्याचा म्हातारा जिना चढावा तसा आवाज यायचा. भट्टी तयार झाली. आता फक्त दगड हवा होता.

आणि दगड आपल्या पायांनी चालत आला. म्हणजे दगडाला पाय नव्हते, ते मेहुणेबुवांचे होते.

मेहुणेबुवा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. स्वयंपाकघरातली मोरी तुंबली म्हणून त्यानं चार फरशा उचकटल्या आणि खाली त्याला एक चमचमणारा दगड सापडला. टॉवेलात तान्हं बाळ गुंडाळावं तसा तो दगड गुंडाळून मेहुणा धापा टाकत आला.

“दाजी! सोनं!”

दाजींनी एका नजरेत ओळखलं. असल्या दगडाला कारखान्यात ‘नवरदेव’ म्हणायचे. वरून सगळा झगमगाट, आत काही नाही! ‘फेकून दे’ एवढं म्हणायचा अवकाश, गोष्ट तिथेच संपली असती. पण परसातली भट्टी थंड होती आणि दाजींचे हात शिवशिवत होते.

“बघावं लागेल,” दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “मुशीत घातल्याशिवाय मी कोणाला काही सांगत नाही.”

मेहुण्याचे डोळे भरून आले. “दाजी, वडिलांनी ताईला सहा चांदीचे चमचे दिले आणि मला काय दिलं? घराखालची ती खडकाळ जागा! कुदळ मारली तर कुदळ मोडते. आज कळलं, वडिलांच्या मनात काय होतं!”

हे चमच्यांचं रडगाणं त्या घरात जुनं होतं. लाल मखमलीच्या डबीत, सहा खणांत सहा चमचे. दाजींच्या बायकोनं त्यांनी कधी साखरसुद्धा ढवळली नव्हती. ते फक्त कपाटातून काढायचे, पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. मेहुणा आला की त्याची नजर आधी कपाटावर जायची, मग बहिणीवर.

आता इथे धंद्यातली एक खुबी सांगायला हवी. दगडातला सोन्याचा कण इतका बारीक असतो की एकटा सोडला तर तो हाती लागत नाही. म्हणून दगडाच्या पुडीत शिसं घालतात आणि सोबत चिमूटभर चांदी. चांदीचा हात धरून सोनं बाहेर येतं. मग शेवटी तेजाबात चांदी विरघळवली की उरेल ते सोनं. साऱ्या भट्टीवाल्यांना हे ठाऊक असतं, त्यात लपवाछपवी काही नाही.

लपवाछपवी झाली ती वेगळीच. कारखान्यात चांदी कपाटात असायची. घरच्या कपाटात काय होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

बायको बाजारात गेली होती. दाजींनी डबी उघडली, एका चमच्याच्या शेपटाचं नखाएवढं टोक पकडीनं तोडलं, कानस मारून कड गोल केली आणि चमचा होता तसा पालथा ठेवला. ‘ही काय रोज मोजपट्टी लावून बघते?’ असं स्वतःला बजावून भट्टी पेटवली.

वा! ती आग! भाता दम्यानं घरघरत होता, मूस लाल झाली, पांढरी झाली आणि दाजींच्या अंगात पुन्हा विशी शिरली. मुशीच्या तळाशी शिशाचा गोळा जमला. तो दाजींनी हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा आगीत सारला. ही राखेची वाटी मोठी अजब. तापलेलं शिसं ती घटाघटा पिते, सोन्याचांदीला मात्र तोंड लावत नाही. त्या राखेसाठी दाजी खाटकाकडून हाडं घेऊन आले, तेव्हापासून गल्लीतला एक कुत्रा साहेब तपासणीला आल्यासारखा भट्टीपुढे बसून होता.

शिसं आटत आलं. शेवटी वाटीत लखकन एक डोळा उघडला आणि मिटला. मसुरीएवढा पांढराशुभ्र मणी!

“आता हा तेजाबात घातला की...” दाजी सांगू लागले.

“चांदी!!” मेहुण्यानं आरोळी ठोकली. त्यानं तो मणी उचलला, बोट भाजलं म्हणून दुसऱ्या हातात झेलला, तोही भाजला म्हणून टोपीत टाकला आणि टोपीसकट धूम ठोकली!

“अरे, ऐक! ती चांदी दगडातली नाही, ती तर...”

“ती तर कुठली?” मागून आवाज आला. बायको! हातात भाजीची पिशवी.

दाजी गर्रकन वळले. “ती तर... फार उंची दर्जाची!”

झालं! इथून गाडी उताराला लागली. बायको म्हणाली, “बरं झालं बाई. वडिलांनी त्यालाही दिलं होतं म्हणायचं.” आणि कधी नव्हे ते तिनं दाजींना भाजी वाढताना दुसऱ्यांदा विचारलं. दाजींना तो घास कोळशासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या त्या टोकाकडून धाड धाड आवाज यायला लागला. मेहुण्यानं अख्खं स्वयंपाकघर खणायला काढलं होतं. शेजारच्या शिंप्यानं ते ऐकून खबरदारी म्हणून आपल्या कुंड्या उपसल्या. दाजी तीनदा खरं सांगायला म्हणून निघाले. एकदा कोपऱ्यावरून परतले, एकदा त्याच्या दारातून, आणि तिसऱ्यांदा तर आत जाऊन, पाणी पिऊन, “छान खणलंय” म्हणून आले! खरं सांगावं तर ते तासाभरात बायकोच्या कानावर येणार आणि चमच्याचं शेपूट बाहेर पडणार. न सांगावं तर मेहुण्याचं घर पडणार! वर हयातभर मिरवलेलं ते वाक्य! आता ते तोंडाशी आलं की दाजींना ठसका लागायचा. धड बसवेना, धड उभं राहवेना. बिजागऱ्यांचं तेल दिवसातून चारदा घालून पुसून झालं.

तेवढ्यात मेहुण्याची बायको आली. केसांत सिमेंट, हातात झारा.

“दाजी, तुम्हीच लावलंत ना हे वेड? आता तुम्हीच उतरवा! मी वॉशिंग मशीनवर शेगडी ठेवून स्वयंपाक करतेय! काल धुणं सुरू असताना फोडणी घातली. भाजी हलतेय, मी हलतेय, आणि हे खड्ड्यातून विचारतात, ‘मीठ जास्त का पडलं?’ आता म्हणतात बैठकीची खोली खणू!”

तिच्या मागून मेहुणा दगडांनी भरलेली ढकलगाडी घेऊन हजर! “दाजी, पुन्हा लावा भट्टी. या दगडात काय निघतं बघू. निघालं तर बैठकीची खोली उद्याच!”

आणि दाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या खेपेला चांदी घालायचीच नाही! शिसं आटेल, वाटी रिकामी राहील. मी बोलायला नको, वाटीच बोलेल. सुंठीवाचून खोकला गेला!

“चला!” दाजींनी बाह्या सरसावल्या. “सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. माझ्या मुशीतून खोटा मणी...” ठसका लागला, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

सगळे परसात जमले. शिशाची वाफ अंगावर येऊ नये म्हणून दाजींनी त्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं, दगड कुटला, पूड मुशीत भरली, शिसं आणि टाकणखार घातला, हात झाडून सर्वांना दाखवले. मेहुणा बहिणीचा हात घट्ट धरून उभा होता. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “नाही निघालं, तर वडिलांना मी नकोच होतो म्हणायचं.”

“गप रे, वेड्या,” ताई म्हणाली. तिनं त्याचा हात सोडला आणि घरात गेली. परत येऊन ती भट्टीपाशी उभी राहिली. “अहो, तुमचा भाता फाटला बघा मागून.”

दाजी वळले. रेनकोटचं एक बटण उडालं होतं. ते बसवून दाजींनी मुशीवर झाकण ठेवलं आणि आग फुलवली.

गोळा निघाला. जरा भारीच लागला, पण दाजी म्हणाले, शिसं जास्त पडलं असेल. गोळा वाटीत गेला. वाटी शिसं पीत राहिली, दाजी मनात हसत राहिले.

“जवळ या,” ते म्हणाले. “नीट बघून घ्या. माझा अंदाज विचाराल तर या वाटीत आता काही म्हणजे काही...”

लखकन डोळा उघडला!

मिटला तेव्हा वाटीत गोटीएवढा चांदीचा मणी झगमगत होता.

दाजींच्या हातातली सांडशी पायावर पडली. कुत्रासुद्धा उठून उभा राहिला. मेहुण्याची बायको झारा छातीशी धरून म्हणाली, “अगं बाई! म्हणजे बैठकीची खोली गेली!”

पण मेहुणा नाचला नाही, ओरडलाही नाही. तो वाटीपुढे उकिडवा बसला. मणी निवेपर्यंत बसून राहिला. मग नाक पुसत म्हणाला, “पुरे. आता नाही खणायचं. मला फक्त बघायचं होतं, वडिलांनी मलाही दिलं होतं का ते.” आणि दाजींकडे वळून म्हणाला, “दाजी, या दोन मण्यांचा मला एक चमचा करून द्याल? अगदी ताईच्या चमच्यासारखा!”

सगळे पांगल्यावर दाजी लंगडत घरात आले. मखमलीची डबी टेबलावर उघडी होती. पाच चमचे. सहावा खण रिकामा.

“अगं, तू...”

“शेपूट तुम्ही घातलंत, उरलेला मी घातला,” बायको म्हणाली. “चमचा पुसायला घेतला तेव्हाच कळलं. म्हटलं, बघू या, हा गृहस्थ किती दिवस बिजागऱ्या पुसतो ते!”

“पण आज तर सगळं मिटलं असतं! वाटी रिकामी...”

“तुमचं मिटलं असतं. त्याचं? लहानपणापासून तो माझे चमचे मोजतोय, अहो.”

“मग आता त्याला खरं सांगू?”

“सांगून बघा! तुमच्या मुशीतून खोटा मणी निघत नाही ना?”

दाजी बसले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच ते एका जागी इतका वेळ बसले असतील.

दाजींनी चमचा ओतला. शिशाबरोबर चांदीतलं तांबंही वाटीनं प्यायलं होतं, त्यामुळे तो मूळच्यापेक्षा केसभर बारीक झाला, पण चमकला जास्त. मेहुण्याची फरशीही दाजींनीच बसवली, गुडघे टेकून. तशी वरून आज्ञा होती.

नव्या फरशीवर चहाला सगळे जमले. मेहुण्यानं आपला चमचा कपात तीनदा गरज नसताना ढवळला. ताईनं जोडीला म्हणून आपली डबी आणली होती. मेहुण्यानं ती उघडली, बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ताई, पाचच? एक कुठे गेला?”

ताईनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

“कमाल आहे तुझी! वडिलांची वस्तू अशी हरवतात का? सहा चमचे सांभाळता आले नाहीत तुला! हा माझा बघ, कसा जपलाय!” मेहुणा दाजींकडे वळला. “तुम्ही तरी सांगा हिला, दाजी!”

ताईनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी बशी तोंडापुढे धरली आणि भाता लावल्यासारखे त्या चहावर फुंकर मारत राहिले. चहा कधीचाच गार झाला होता.