लाल ठिपक्याचा कप

"विनय, एक कप कमी पडतोय!" वासंती स्वयंपाकघरात डोकावून नवऱ्याला कुजबुजली. बाहेर हॉलमध्ये सौदीतल्या अल-खोबर शहरातल्या त्या इमारतीतली सगळी भारतीय बिऱ्हाडं बसली होती आणि वासंतीची क्रांती ऐन रंगात आली होती.

क्रांती लिफ्टची होती. इमारतीचा राखणदार इद्रिस सुदानचा, पन्नाशी उलटलेला, भारतीयांत राहून हिंदी शिकलेला. पाण्याच्या जड बाटल्या घेऊन तो पाच मजले जिन्याने चढायचा, कारण कामगारांनी लिफ्ट वापरायची नाही, असं रहिवाशांनीच ठरवलं होतं. एसी दुरुस्त करणारा गोरा माणूस मात्र हत्यारांच्या पेटीसकट लिफ्टने यायचा, वर लोक त्याला गुड मॉर्निंग म्हणायचे. हा नियम कातडीचा रंग बघून लागतो, हे लक्षात आल्यापासून वासंती पेटली होती. दोन आठवडे दारोदार फिरून बारा घरांपैकी सह्या मिळाल्या चार. म्हणून शुक्रवारचा हा चहा, आणि प्रमुख पाहुणा खुद्द इद्रिस.

"मिळाला, सिंकखाली होता!" म्हणत विनय ट्रे घेऊन गेला.

"माणसामाणसांत भेद करणारे आपण कोण?" वासंतीने सुरुवात केली आणि तिची नजर पाचव्या मजल्यावरच्या विद्याताईंच्या हाताकडे गेली. इद्रिसने लिफ्ट वापरायला सर्वांत कडक विरोध विद्याताईंचा होता. त्यांच्या हातात लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेला कप होता. तो इद्रिसचा वेगळा कप. माहेरी कामवाल्या बाईंचा असायचा, तसाच. आईकडून कुकर आणला तशी वासंतीने ही सवयही आणली होती, विचार मात्र कधी केला नव्हता.

"विद्याताई, तो कप द्या, बदलून देते."

"अगं, कशाला? फक्कड झालाय चहा!" विद्याताईंनी मोठा घोट घेतला.

तेवढ्यात सोनेरी कडेचा कप सांभाळत इद्रिस उभा राहिला.

"मॅडम, ये मेरा कप नहीं. मेरा वो है, लाल निशानवाला."

सगळ्यांच्या माना विद्याताईंकडे वळल्या.

"चार साल से मॅडम उसी में चाय देती है," इद्रिस हसून म्हणाला. "और किसी घर से चाय नहीं आती. बहुत शुक्रिया, मॅडम."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच वासंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरंय," ती कशीबशी म्हणाली. "मीच वेगळा ठेवला होता. चुकले मी."

बाकीचे आपापल्या कपात बघत राहिले. विद्याताईंनी तो ठिपका नीट न्याहाळला, उरलेला चहा संपवला आणि म्हणाल्या, "मला तर काही झालं नाही. आण तो कागद."

दहा मिनिटांत बाराच्या बारा सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इद्रिस बाटली घेऊन लिफ्टने वर आला, पहिल्यांदाच धापा न टाकता. वासंती रिमूव्हर लावून ठिपका घासत होती.

"रहने दो मॅडम," तो म्हणाला. "इसी कप ने सबके साइन कराए."

वासंतीने चहा ओतला. सोनेरी कडेचा कप त्याला दिला, ठिपक्याचा स्वतः घेतला.

"शुक्रिया, मॅडम."

"नहीं इद्रिसभाई, शुक्रिया तो मेरा," वासंती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तोच बेल वाजली. दारात विद्याताई होत्या, ओढणीआड काहीतरी लपवून.

"वासंती, तुझ्याकडे रिमूव्हर उरलंय का गं?" त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या कामवालीच्या कपावरचा हिरवा ठिपका काही केल्या निघत नाहीये."