खांदा बघून काडतूस

शोभाताई राणे माणसाचा चेहरा बघत नाहीत. खांदा बघतात.

आम्ही शारजाच्या अल नहदा भागातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या. अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात रोल्ल्याच्या बाजारातून आणलेली अळूची जुडी. मी दोन्ही हातांत पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेऊन उभा. त्यांनी आधी माझा उजवा खांदा पाहिला, मग डावा, आणि बाहेर पडता पडता म्हणाल्या, "तुम्हाला टू-फॉर्टी-थ्री. त्याच्या वर जाऊ नका. झेपायचं नाही."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "दोनशे त्रेचाळीस? उपाशीपोटी की जेवल्यावर?"

त्या दिवसापासून माझ्या चहातली साखर बंद झाली. ती परत सुरू झाली, कारण पुढे शोभाताई स्वतःच वाटीभर अळूचं फदफदं घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्यांनी खुलासा केला. टू-फॉर्टी-थ्री हे रायफलचं कॅलिबर. काडतुसाचं माप. माझ्या खांद्याला रायफलचा केवढा धक्का सोसेल, याचा तो अंदाज होता. जाता जाता त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. "हिला मात्र थ्री-नॉट-एट. आरामात." बायको ही गोष्ट आजही पाहुण्यांना सांगते, माझ्यादेखत.

शोभाताईंचं वेड म्हणजे त्यांची नोकरीच. दुबईत शिकारीच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. तंबू, दुर्बिणी, ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या आणि आतल्या काचेच्या खोलीत रायफली. शोभाताई तिथे अकाउंट्सला लागल्या होत्या. एकदा काउंटरवरचा माणूस सुट्टीवर गावी गेला, म्हणून यांना तात्पुरतं उभं केलं. कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत यांनी नेमबाजीची पदकं मिळवली होती. त्या काउंटरवर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सुट्टीवरून आलेल्या माणसाला तंबू विकायला जावं लागलं.

आणि बाई कट्टर शाकाहारी. झुरळसुद्धा मारत नाहीत. केरसुणीने हाकत हाकत जिन्यापर्यंत पोचवून येतात. कोणी विचारलंच, "ताई, मग शिकारीच्या बंदुका कशा विकता?" तर उत्तर तयार असतं. "सोनार काय सगळे दागिने स्वतः घालतो?"

माझं ऑफिस दुबई मरीनाला. त्यांचं दुकान वाटेवर. त्यामुळे रोज सकाळी त्या माझ्या शेजारच्या सीटवर असतात आणि शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये माझा वर्ग भरतो. विषय एकच. हलकी, आखूड नळीची शिकारी रायफल आणि तिला कोणतं कॅलिबर घ्यावं.

"डोंगर चढायचा तर हलकी रायफल हवी, हे मान्य," त्या सुरू करतात. "झुडपात अडकायला नको म्हणून नळी आखूड, तेही मान्य. पण मग हे शहाणे तिच्यात दांडगं मॅग्नम काडतूस मागतात! हलकी रायफल उचलायला गोड, उडवायला कडू. जेवढी हलकी, तेवढी तिची लाथ जोरात. मोठ्या काडतुसातली दारू पुरती जळायला नळी लांब लागते. आखूड नळीत ती जळतेय तोवर गोळी बाहेर! उरलेली जळते तोंडाशी. भक्कन जाळ, कानठळ्या, खांद्याला लाथ. आणि डोंगरावरचा बोकड तिकडे मजेत चरतोय."

"म्हणजे ताकद फुकट?"

"एवढ्याशा कढल्यात वाटीभर मोहरी टाकाल का? अर्धी तोंडावर उडेल." मग दोन्ही तळवे झटकून, "नळीला झेपेल तेवढंच घ्यावं. आणि खांद्याला विचारून घ्यावं. खलास."

या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. एका संक्रांतीला आमच्या मंडळात हळदीकुंकवाच्या वेळी त्यांना 'नोकरी करणाऱ्या स्त्रीचं आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं. त्या खांद्याच्या आरोग्यापासून निघाल्या आणि आखूड नळीवर पोचल्या. मागे उभ्या असलेल्या एका बँकवाल्या गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, "बाईमाणसाला काय करायचंय बंदुकीचं?" शोभाताईंनी तिळगुळाचं ताट खाली ठेवलं. त्यांचा खांदा नीट न्याहाळला. "तुम्हाला एअरगन," त्या म्हणाल्या. "तीही जत्रेतली, फुगे फोडायची."

घरी येताना माझी मुलगी म्हणाली, "आंटी इज सॅव्हेज, बाबा." ती हे कौतुकाने म्हणाली.

तुम्ही म्हणाल, विक्षिप्त बाई आहे. आहेच. पण आपल्या माहितीतली किती माणसं आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'हे घेऊ नका' म्हणतात, ते आधी सांगा.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमाराला त्यांनी असंच एकाला 'घेऊ नका' म्हटलं आणि प्रकरण अंगाशी आलं.

संध्याकाळी मी त्यांना घ्यायला दुकानात गेलो होतो. काउंटरवर एक सुबक, हलकी, आखूड नळीची रायफल ठेवलेली. समोर अबू हमदान. हे त्यांचे फार जुने गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेले, हातात बारीक वेताची काठी. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन परदेशातल्या डोंगरांत शिकारीला जातात. शेजारी त्यांचा थोरला मुलगा हमदान, ज्याच्या नावावरून ते 'अबू हमदान'. ही रायफल मुलाला वडिलांसाठी भेट म्हणून घ्यायची होती.

"थ्री हंड्रेड मॅग्नम," तो म्हणाला. "फॉर माय फादर."

"नो," शोभाताई म्हणाल्या.

मग नळी, दारू, जाळ, लाथ, सगळं झालं. हमदानने मोबाइलवर एका बहाद्दराचा व्हिडिओ दाखवला. "व्हिडिओवाल्याचा खांदा तुझे बाबा लावणार आहेत का?" हे शोभाताई मराठीतच बोलल्या. दुकानाचे मॅनेजर कुरियन कॅबिनमधून बाहेर आले. हमदान हसून म्हणाला, "मॅडम, माझ्या वडिलांनी आयुष्यभर मॅग्नम चालवलीय."

इथे ताईंचा तोल गेला. "वो तब की बात! अभी उनका दायाँ कंधा गया हुआ है. देखो ना, काठी भी दूसरे हाथ में पकड़ते हैं. हाथ ऊपर नहीं जाता उनका!"

हमदानने वडिलांकडे पाहिलं. अबू हमदान वळले. काठी टेकत दाराकडे गेले. मुलगा त्यांच्यामागे धावला.

कुरियन इतकंच म्हणाले, "शोभाजी, घरी जा. मी फोन करेपर्यंत येऊ नका."

गाडीत मी म्हटलं, "ताई, उद्या सॉरी म्हणून टाका."

"कशाबद्दल? खांदा गेलाय, म्हणून गेला म्हटलं."

"व्हिसा कंपनीचा आहे. नोकरी गेली तर हा देशच सुटेल."

"सुटू दे. देवगडला घर आहे माझं."

"तिथे कोण आहे?"

"कुलूप आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. मूलबाळ नाही, आणि राणेकाका जाऊन काही वर्षं झालीत.

पुढचे दिवस बिल्डिंगला जड गेले. शोभाताई घरी बसल्या, म्हणजे खरं तर लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. पार्सलवाले, एसीवाले, आठव्या मजल्यावरची योगशिक्षिका, सगळ्यांची कॅलिबरं ठरली. चेहऱ्यावर मात्र भीतीचा लवलेश नाही. "काढू देत. मॅग्नम मी विकणार नाही."

मग अबू हमदानच्या ड्रायव्हरचा फोन आला. बाबांनी शनिवारी धैदजवळच्या मळ्यावर बोलावलंय. ताईंनी बेसनाचे लाडू वळले, मला गाडी काढायला लावली. वाटेत भांडणाची पूर्ण तयारी करत होत्या.

खजुराच्या झाडांमागे बैठकीची लांब खोली होती. अबू हमदान एकटेच होते. जुन्या दुबईकर माणसासारखं त्यांना हिंदी छान येतं. गावा, म्हणजे अरबी कॉफी, दिली, खजूर दिले. मग शांतपणे म्हणाले, "शोभा, तुमने मेरे बेटे के सामने मेरा कंधा खराब बोला."

"खराब है तो खराब बोला, बाबा."

"मुझे मालूम है खराब है. बेटों को नहीं मालूम था."

शोभाताईंनी उघडलेलं तोंड मिटलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"अब वो बोलते हैं, बाबा घर पर बैठो. सफर खलास." म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "शिकार का मुझे क्या करना है? साल में दस दिन बेटे मेरे साथ एक तंबू में सोते हैं. उतना ही."

बाहेर पंपाचा आवाज चालू होता. ताईंनी खजुराची बी बशीत ठेवली. आणि मग त्यांचा नेहमीचा, दुकानातला आवाज परतला. "पहले डॉक्टर को दिखाओ. उसने हाँ बोला तो ही. रायफल के पीछे मोटा रबर मैं लगाऊँगी. बैग पर टिकाकर चलाना. और दिन में एक गोली."

"दो."

"एक."

"इन्शाल्ला, एक."

"इन्शाल्ला नहीं. एक!"

अबू हमदान हसले. लाडू घेतला, मात्र डाव्या हाताने.

"और बेटों को?" त्यांनी विचारलं.

"वो मुझ पर छोड़ दो," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली आणि मग एका संध्याकाळी मंडळी पुन्हा दुकानात जमली. अबू हमदान, हमदान, कुरियन, आणि शोभाताईंना घेऊन आलेला मी. ताई सरळ हमदानसमोर उभ्या राहिल्या.

"सॉरी," त्या म्हणाल्या.

कुरियननी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्हारे बाबा के कंधे का मैंने गुस्से में बोला. बहस में हार रही थी, इसलिए बोला. कंधे का बहाना था. असली बात नळी की है. आखूड नळी में छोटा काडतूस, ये मुझे किसने सिखाया, मालूम? तुम्हारे बाबा ने. इसी दुकान में. मैं तो नई थी, कुछ नहीं जानती थी."

मी थक्क झालो. ज्या सिद्धान्तासाठी त्या नोकरीवर पाणी सोडायला निघाल्या होत्या, तो त्यांनी उचलून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला होता. सगळाच्या सगळा.

हमदानने वडिलांकडे वळून विचारलं, "सहीह, बाबा?"

अबू हमदान ताठ झाले. घसा खाकरून त्यांनी रायफल हातात घेतली आणि मुलाला समजवायला सुरुवात केली. पण सिद्धान्त त्यांना पुरता ठाऊक कुठे होता? त्यांनी सांगितलं की आखूड नळीत मोठी गोळी घाईघाईने बाहेर पडते, त्यामुळे तिला चक्कर येते. चक्कर आल्यावर तिला डोंगर कुठे आणि बोकड कुठे, कळत नाही.

शोभाताईंच्या मानेची शीर ताडताड उडताना मला दिसत होती. पदराचं टोक मुठीत आवळलेलं.

"बराबर ना, शोभा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकदम बराबर, बाबा," शोभाताई म्हणाल्या.

रायफल ठरली. सात एमएमचं बेताचं काडतूस, मागे जाड रबर. सफरही ठरली. हमदानने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो ठेवताना उजवा खांदा अलगद टाळला. माझ्या ते लक्षात आलं. ताईंच्याही आलं असणार. त्यांच्या नजरेतून खांदा कधी सुटलाय?

कुरियन म्हणाले, "शोभाजी, उद्यापासून या."

"उद्या एकादशी आहे. खिचडी करून मग येईन," ताईंनी सांगितलं.

गाडीत बसल्यावर मात्र स्फोट झाला. "गोळीला चक्कर येते म्हणे! चक्कर! आणि मी 'बराबर' म्हणाले! माझ्या तोंडाने!" दुबई संपून शारजाची हद्द दिसेपर्यंत हे चाललं होतं. मग पुढे गाड्यांची रांग लागली आणि त्या थकून शांत झाल्या.

"पण ताई," मी म्हटलं, "तुम्ही चक्क सॉरी म्हणालात."

त्या समोरच्या लाल दिव्यांकडे बघत होत्या.

"राण्यांच्या हातातला जोर गेला होता शेवटच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "मोरांब्याची बरणीही उघडायची नाही त्यांना. मग मी काय करायची, ओट्याकडे तोंड करून झाकण आधीच सैल करून ठेवायची. आणि हाक मारायची, अहो, बघा हो, मला नाही उघडत. ते यायचे, उघडायचे. वर म्हणायचे, तुम्हा बायकांच्या मनगटात जोर नाही."

"आणि तुम्ही ऐकून घ्यायचात?"

"तेवढं एकच."

"त्यांना कळलं नाही कधी?"

गाड्या जराशा सरकल्या. ताईंनी मांडीवरची पर्स उगाचच सरळ केली.

"एकदा त्यांनी बरणी परत लावली, तेव्हा झाकण नुसतं वर टेकवलं. फिरवलंच नाही. म्हणाले, राहू दे असंच, तुला परत सैल करत बसायला नको."

मी त्यांच्याकडे वळलो.

"अजून तशीच ठेवते मी ती," शोभाताई म्हणाल्या. "मुंग्या येतात. येऊ देत." आणि लगेच माझ्यावर डाफरल्या, "पुढचा गेला ना? मग यल्ला, चला, बघताय काय माझ्याकडे!"