शिकागो जवळ, पारशिवनी लांब

देवराव सोमकुवरांच्या घरी टेलिफोन बसला, तेव्हा त्यांच्या अर्जाला आठ वर्षं सात महिने झाले होते. काळाकुळकुळीत, वजनदार यंत्र. प्रेमिलाबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि नागपूरच्या रघुजीनगरातली अर्धी गल्ली दाराबाहेर चपला काढून ते बघून गेली.

या आठ वर्षांत देवरावांना एक नाद लागला होता. ते होते जिल्हा परिषदेत आरेखक. दिवसभर तलावांचे आणि पाझर कालव्यांचे नकाशे काढायचे. पण कोणी परदेशातून आलंय असं कानावर पडलं की इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या घरी हजर व्हायचे आणि चहा यायच्या आत विचारायचे, "तिकडे घरी फोन कितीक दिवसात भेटते? आन् पैसे किती पडते?"

उत्तरं ऐकून ते थक्क होत. जपानहून आलेला एक इंजिनिअर म्हणाला, आठवड्याच्या आत. विलायतेहून परतलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन महिने, पण लोक फार कुरकुरतात. "तीन महिन्यात कुरकुरतेत!" हे वाक्य देवरावांनी ऑफिसात तीन दिवस सांगितलं. रशियाहून आलेल्या एकानं मात्र तिकडे आपल्याहून जास्त वर्षं लागतात असं सांगितलं, त्या रात्री ते शांत झोपले.

शेजारच्या गिरिधरपंतांची लतिका शिकागोहून माहेरी आली, तेव्हा तर पर्वणीच होती.

"काका, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी फोन लागतो. रंगसुद्धा आपण निवडायचा."

"रंग?"

"हो. माझा पिवळा आहे. आणि महिन्याचे ठरलेले पैसे भरले की गावातल्या गावात कितीही बोला."

"दिवसभर बोललं तरी?"

"दिवसभर."

देवरावांनी कपाळ खाजवलं. मग हळूच म्हणाले, "मंग ते लोक जेवते कवा?"

गिरिधरपंतांचा स्वतःचा अर्ज अजून पाचव्या वर्षातच होता. म्हणून लतिकेनं नवऱ्याला देवरावांचा नवा नंबर कळवला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ऑफिसला सुट्टी असताना, सकाळी साडेसातला पहिल्यांदाच ती घंटा वाजली. प्रेमिलाबाईंच्या हातून वरणाचं भांडं निसटलं. देवरावांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला.

"काका, नमस्कार! मी मधुसूदन. लतिका आहे का?"

आवाज असा, की माणूस फाटकाशी उभा आहे. त्याच्या मागे कुणी तरी नळ बंद केला, तेही ऐकू आलं. देवरावांच्या अंगावर काटा आला.

"जावईबापू, मधात कोणी ऑपरेटर नाही?"

"नाही काका. मीच नंबर फिरवला. अर्ध्या मिनिटात लागला."

"तिकडं किती वाजले?"

"रात्रीचे नऊ. शुक्रवार."

लतिका बोलून गेल्यावरही देवराव यंत्राकडे बघत बसले होते. "प्रेमिला, काल रात्रून फोन आला होता वं. आज सकाळी लागला. अर्ध्या मिनिटात!"

याच आनंदात ते दाढी करत होते, तेव्हा दारात दादाजी रामटेके उभे राहिले. देवरावांची धाकटी बहीण सिंधूताई नागपूरहून दोन तासांवरच्या पारशिवनीला राहायची. तिच्या मुलीला, शामलाला, पाहायला दादाजींचा मुलगा पुढच्या रविवारी जाणार होता. याआधी दोन ठिकाणी बोलणं होऊन मोडलं होतं, त्यामुळे सिंधूताई या स्थळाकडे डोळे लावून बसली होती.

"जय भीम, देवरावजी. आमचं आजच जायचं ठरलं. जीप आजच भेटून राहिली. चार वाजता पोचतो. तिकडं कळवून देसान ना?"

"अजी, आता घरात फोन आहे," देवराव छाती फुगवून म्हणाले. "तुम्ही कोपऱ्यावर जाईपर्यंत कळते पाहा!"

पारशिवनीच्या पोस्टात फोन होता. देवरावांनी आठ वाजता ट्रंक कॉल नोंदवला. सिंधूताईचं घर पोस्टाच्या मागच्याच गल्लीत, पोस्टमास्तर तिला बोलावून देतील. मग ते खुर्ची ओढून बसले. नऊ वाजले. साडेनऊला त्यांनी चौकशी केली.

"रामटेकपर्यंत लाईन आहे," ऑपरेटर बाई म्हणाली. "पुढची भेटून नाही राहिली."

"बाई, मले सकाळी शिकागो अर्ध्या मिनिटात लागलं."

"मग शिकागो मागा ना साहेब. पारशिवनी काहून मागता?"

दहा वाजता त्यांनी कॉल अर्जंट करायला सांगितला. पैसे दुप्पट. बाई म्हणाली, आधीचा कॉल रद्द करावा लागेल, आणि अर्जंटवाल्यांच्या रांगेतही आधीच अकरा जण आहेत.

"याच्याहून जल्दी काही आहे का?"

"लाइटनिंग आहे. आठपट."

देवरावांनी आधीचाच साधा कॉल राहू दिला आणि हात जोडल्यासारखा रिसीव्हर खाली ठेवला. लतिका शेजारीच बसून सगळं ऐकत होती. तिनं मनातल्या मनात हिशोब केला आणि चकित होऊन म्हणाली, "काका, एवढ्यात तर मधुसूदन तिकडून तुमच्याशी बोलेल आणि वर पैसे उरतील! त्यालाच सांगू का, तिकडून पारशिवनी लागते का बघ म्हणून?"

देवरावांनी या सूचनेचा क्षणभर खरोखर विचार केला. शिकागोहून पारशिवनी! पण घड्याळात साडेदहा वाजत होते. बहिणीच्या घरी पाहुणे दाराशी येतील आणि ती शेणामातीच्या हातानं त्यांच्यापुढे जाईल, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर ते उठलेच.

"मी जातो. कॉल लागलाच तर तू सांगजो सिंधूले," असं प्रेमिलाबाईंना बजावून ते सायकलनं सीताबर्डीला मोरभवनच्या बसस्टँडवर पोचले आणि पारशिवनीच्या बसमध्ये एका पायावर उभे राहून निघाले.

बस दीड वाजता पोचली. सिंधूताईच्या अंगणात चार पायली मिरची पसरलेली, घरातलं सगळं सामान बाहेर, आणि शामला डोक्याला फडकं बांधून भिंतीला चुना मारत होती. तिच्या एका गालावर, नाकावर आणि दोन्ही कोपरांवर चुना होता.

"दादा! असा अचानक?"

"अवं, पाहुणे येऊन राहिले! चार वाजता!"

मग जे सुरू झालं, ते पाहून देवराव स्वतःच भेदरले. सिंधूताई मिरची गोळा करता करता शिंकू लागली, शामला आंघोळीला पळाली तर बादली बाहेरच्या सामानात सापडेना, आणि देवराव आधी ओल्या भिंतीला टेकले आणि मग पाठीनं कपाट आत ढकलू लागले तेव्हा त्यांच्या पाठीची पांढरी छाप कपाटावर उमटली. शेजारच्या कांताबाई पोह्यांसाठी धावल्या. एवढ्यात पोस्टातला शिपाई पळत आला.

"सिंधूताई, नागपूरचा ट्रंक कॉल! लवकर चला!"

सगळे जागच्या जागी थांबले. पारशिवनीत ट्रंक कॉल आला की घरात कोणी तरी गेलेलं असायचं. कांताबाईंनी पोह्यांची परात खाली ठेवून तोंडाला पदर लावला. सिंधूताईनं देवरावांचा हात धरला.

"नागपूरले आपलं कोण आहे, दादा?"

"प्रेमिला," देवराव म्हणाले. "घरी एकटी आहे."

ते धावत सुटले. मागून सिंधूताई, ओल्या केसांची शामला, कांताबाई आणि वाटेत जमलेली सात-आठ माणसं. पोस्टमास्तर नत्थूजींनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"कॉल सिंधूताईच्या नावानं आहे. तुम्हाले देता येत नाही."

"कोणाकडून आहे?"

नत्थूजींनी चिठ्ठी वाचली. "देवराव सोमकुवर, नागपूर."

"देवराव सोमकुवर मीच आहो!"

नत्थूजींनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तिकडून कोण बोलून राहिलं?"

आता कुठे देवरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी आठला मागितलेला, रामटेकपाशी अडकलेला त्यांचाच कॉल सहा तासांनी येऊन पोचला होता. सिंधूताईनं हो म्हणताच त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो... सिंधू?" दुरून, खरखरीतून प्रेमिलाबाई ओरडत होत्या.

"मी आहो! मी!"

"कोण?"

"मी वं! देवराव!" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोला आपलं नाव सांगितलं.

"अजी, तुम्ही पोचले का? ऐका, दादाजी आत्ताच सांगून गेले. जीपवाला ऐन वेळेवर नाही म्हणला. आज येत नाही. पुढच्याच रविवारी येतेत! तुमची बस गेली, आता कसं कळवू म्हणून मी रडकुंडीला आली होती."

देवरावांनी मागे वळून ही बातमी सांगितली. सिंधूताई पोस्टाच्या पायरीवरच मटकन बसली आणि हसू लागली. शामलानं चेहऱ्यावर राहिलेला चुना पदराला पुसला. बसनं देवरावांनी आणलेली खबर शिळी होती आणि फोननं ताजी आणली होती. देवराव त्या काळ्या यंत्राकडे पाहतच राहिले.

खरखर एकदम थांबली. लाईन स्वच्छ झाली. पंचवीस वर्षांच्या संसारात ही दोघं कधी फोनवर बोलली नव्हती.

"जेवले का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं. आवाज अगदी कानाशी होता.

"नाही. तू?"

"नाही. फोनपाशीच बसून होती."

देवरावांना तिचा श्वास ऐकू येत होता. इतक्या जवळून तो कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना. पोस्टात दहा माणसं उभी होती आणि कोणी हलत नव्हतं.

"तीन मिनिटं झाले," मधूनच ऑपरेटर बाईचा आवाज आला. "वाढवायचा का कॉल?"

देवराव काही बोलायच्या आत पलीकडून प्रेमिलाबाई म्हणाल्या,

"वाढवा."